फीडमध्ये तालुक्याची बातमी येत नाही? आधी या चुका टाळा

रावेरच्या केळी उत्पादकाला सकाळी भाव बघायचा असतो. नंदुरबारला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला सरकारी प्रसिद्धिपत्रकं मुळातून वाचायची असतात. शहाद्याचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो आणि गावाकडचं पाणी, रस्ते, नगरपालिका यांची खबर त्याला हवी असते. तिघांच्याही फोनवर दिवसभर बातम्या आदळत असतात, पण हवी ती बातमी हवी तेव्हा दिसत नाही. वेब फीड हा यावरचा जुना, फुकटचा आणि अजूनही चोख चालणारा उपाय आहे. तरीही ज्यांना फीड रीडर लावून दिला, त्यांच्यातले बरेच जण काही दिवसांत परत येतात आणि म्हणतात, "दादा, हाई बंद पडी गयं." बहुतेक वेळा बंद काहीच पडलेलं नसतं. पत्ता चुकलेला असतो, गाळणी चुकीच्या शब्दावर लावलेली असते, नाहीतर फोननेच अ‍ॅपला झोपवलेलं असतं. या चुका ठरलेल्या आहेत आणि त्यातली प्रत्येक चूक घरबसल्या दुरुस्त होते.

फीड म्हणजे फेसबुकवर सरकत राहणारी रांग नव्हे

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बोटाने वर ढकलत राहतो त्या रांगेलाही फीड म्हणतात, आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. त्या रांगेत काय दिसावं हे कंपनीची यंत्रणा ठरवते. वेब फीड ही वेगळी गोष्ट आहे. बातम्यांची साइट आपल्याकडे एक साधी मजकुराची फाइल ठेवते. तिच्यात प्रत्येक बातमीचं शीर्षक, दुवा, वेळ आणि थोडा किंवा पूर्ण मजकूर असतो. नवी बातमी वर चढते, सगळ्यात जुनी खालून गळते. तुमच्या फोनवरचं फीड रीडर नावाचं अ‍ॅप ठरावीक वेळाने ती फाइल उतरवून घेतं आणि मागच्या वेळेपेक्षा नवीन काय आहे तेवढं दाखवतं. मधे शिफारस करणारं कोणी नाही, आणि तुम्ही काय वाचलं यावरून पुढची बातमी निवडणारंही कोणी नाही.

म्हणूनच रीडर बसवला आणि त्यात एकही साइट जोडली नाही, तर तो रिकामाच राहणार. "अ‍ॅप घेतलं पण काहीच येत नाही" या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

दुसरा गैरसमज म्हणजे हे तंत्र मेलं आहे. आरएसएस म्हणजे फीडची फाइल लिहिण्याचा एक ठरलेला नमुना. त्याची पहिली आवृत्ती नेटस्केप कंपनीत मार्च १९९९ मध्ये तयार झाली. ती करणाऱ्यांत डॅन लिबी यांच्याबरोबर मद्रासच्या आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा होते. २००२ मध्ये आरएसएस २.० आलं, डिसेंबर २००५ मध्ये अ‍ॅटम हा दुसरा प्रमाणित नमुना आला, २०१७ मध्ये जेसन फीड. वाचकाला या तिन्हींत फरक करायची गरज पडत नाही, कारण चांगला रीडर ते सगळे वाचतो. लोकांच्या मनात मरणाची बातमी बसली ती १ जुलै २०१३ ला, गुगलने आपला रीडर बंद केला तेव्हा. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरने ६४ व्या आवृत्तीत फीड दाखवण्याची सोय काढली. पण बंद पडले ते वाचण्याचे दोन मार्ग, फीड नव्हेत. वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवण्याच्या एका तयार प्रणालीवर, उभी असलेली साइट मुद्दाम बंद केलं नसेल तर आजही आपोआप फीड तयार करते, आणि पॉडकास्टचा नवा भाग तुमच्या अ‍ॅपमध्ये येतो तोही बहुतेक वेळा आरएसएसमधूनच.

पत्ता चुकला की सगळं चुकलं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. साइटच्या मुख्य पानाचा पत्ता आणि फीडचा पत्ता हे दोन वेगळे पत्ते असतात. बरेच रीडर मुख्य पानाचा पत्ता दिला तरी त्यातून फीड शोधून काढतात, कारण साइटने पानाच्या आतल्या कोडमध्ये फीड कुठे आहे ते लिहून ठेवलेलं असतं. पण ते लिहिलेलं नसेल, तर रीडर "फीड सापडला नाही" म्हणून मोकळा होतो आणि वाचक समजतो की साइटला फीडच नाही.

अशा वेळी थोडी शोधाशोध करावी. साइट वर्डप्रेसवर असेल, आणि आपल्याकडची छोटी पोर्टल्स बहुतेक त्यावरच असतात, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजी स्पेलिंगमध्ये "फीड" जोडा. ब्लॉगरवरच्या साइटला तिरकी रेघ, "फीड्स", तिरकी रेघ, "पोस्ट्स", तिरकी रेघ, "डीफॉल्ट". यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेललाही फीड असतो. चॅनेलच्या पानाचा पत्ता रीडरमध्ये टाकला की चांगले रीडर तो स्वतः ओळखतात. यातलं काहीच जमलं नाही तर संगणकावर ते पान उघडा, पानाचा सोर्स, म्हणजे आतला कोड, बघा आणि त्यात "आरएसएस" किंवा "अ‍ॅटम" ही अक्षरं इंग्रजीत शोधा.

फीडचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडल्यावर कंसांनी भरलेला कोडचा गठ्ठा दिसतो, किंवा फोन एखादी फाइल उतरवायला लागतो. हे पाहून अनेक जण घाबरून मागे फिरतात. घाबरायचं कारण नाही. तो गठ्ठा दिसला म्हणजे पत्ता बरोबर आहे. तोच उचला आणि रीडरमध्ये चिकटवा.

आता एक चूक, जी सांगितल्याशिवाय लक्षातच येत नाही. वर्डप्रेसची साइट बऱ्याचदा दोन फीड दाखवते: एक बातम्यांचा, दुसरा वाचकांच्या प्रतिक्रियांचा. रीडर दोन्ही नावं समोर ठेवतो आणि घाईत दुसऱ्यावर बोट पडतं. मग बातम्यांच्या जागी "छान", "अभिनंदन भाऊ" एवढंच येत राहतं. ज्या पोर्टलवर कोणी प्रतिक्रिया देत नाही, त्याचा हा फीड कायम रिकामा राहतो. यादीत "कॉमेंट्स" असं लिहिलेलं दिसलं तर तो फीड काढून टाका आणि दुसरा जोडा.

आणि अख्ख्या वर्तमानपत्राचा फीड जोडण्याआधी विभागाचा फीड मिळतो का ते पाहा. राज्यभराच्या दैनिकाचा मुख्य फीड जोडला तर मुंबईचं राजकारण, क्रिकेट आणि राशिभविष्य यांच्याखाली चोपडा आणि तळोदा गाडले जातात. वर्डप्रेसवर प्रत्येक विभागाला आणि प्रत्येक टॅगला वेगळा फीड असतो. "जळगाव" किंवा "शेती" या विभागाचं पान उघडा आणि त्याच पत्त्यामागे तिरकी रेघ देऊन "फीड" जोडा. या एका युक्तीने कामाच्या नसलेल्या बातम्या जेवढ्या कमी होतात, तेवढ्या दुसऱ्या कशाने होत नाहीत.

सरकारी जागांचे फीड लोक विसरतातच. पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धिपत्रकं फीडमधून मिळतात, रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं आणि निवेदनंही. परीक्षेच्या तयारीला कोणाची तरी टिपणं गोळा करण्यापेक्षा मूळ पत्रक थेट वाचलेलं कधीही चांगलं. एखाद्या विषयावर ठरलेली साइट नसेल तर गुगल अलर्ट्समध्ये शब्द टाका आणि "कुठे पाठवायचं" या ठिकाणी ई-मेलऐवजी आरएसएस फीड निवडा.

काही साप्ताहिकं मात्र फक्त फेसबुक पानावर किंवा पीडीएफच्या अंकातच असतात. त्यांना फीड नसतो. फीड नसलेल्या पानापासून फीड बनवून देणाऱ्या सेवा आहेत, पण त्या पानाची मांडणी बदलली की कोलमडतात. त्यापेक्षा त्या संपादकांना भेटून साधी वर्डप्रेस साइट सुरू करायला सांगावं. तालुक्याच्या बातम्या फेसबुकच्या भरवशावर पडून राहाव्यात हे मला पटत नाही, कारण चार वर्षांपूर्वीची बातमी तिथे कोणालाच सापडत नाही.

मराठी शब्दावर गाळणी लावताना

रीडरमध्ये गाळणी, म्हणजे फिल्टर, लावता येते: अमुक शब्द असलेल्याच बातम्या दाखव, तमुक असलेल्या लपव. काही रीडरमध्ये ही सोय पैसे भरल्यावर मिळते. ती लावताना इंग्रजीची सवय नडते. इंग्रजीत "कॉटन" हा शब्द वाक्यात कुठेही आला तरी "कॉटन"च राहतो. मराठीत "कापूस" लिहून गाळणी लावली की "कापसाचे भाव घसरले" ही बातमी सुटते, "कापसाला हमीभाव" सुटते, "कापसाची खरेदी केंद्रे" सुटते. म्हणजे शेतकऱ्याला नेमक्या ज्या बातम्या हव्या असतात त्याच जातात, आणि तो म्हणतो फीड बंद पडला.

उपाय असा की शब्दाचं सामान्यरूपही द्यायचं. "कापूस" आणि "कापसा" असे दोन शब्द टाका. "धुळे" बरोबर "धुळ्या" टाका, म्हणजे धुळ्यात, धुळ्याला, धुळ्याहून सगळं पकडलं जाईल. दोन्हीत सामाईक म्हणून नुसतं "धुळ" टाकायचा मोह होतो, पण मग धुळवड आणि धुळीची वादळंही आत येतात. शहाद्यासाठी "शहाद" पुरतं, पारोळ्यासाठी "पारोळ". केळीसाठी "केळी" आणि "केळ्यां" असे दोन ठेवा. नुसतं "केळ" ठेवलं तर केळवणं आणि केळकर आडनावाची माणसं दिसायला लागतात. रावेर, यावल, अमळनेर, भुसावळ ही नावं सरळ आहेत, त्यांना प्रत्यय मागे लागतो आणि मूळ तसंच राहतं.

"धरण" या शब्दापासून सांभाळून राहा. हतनूरच्या पाण्याची बातमी हवी म्हणून कोणी "धरण" टाकतं आणि रीडर धरणगाव तालुक्याच्या बातम्यांनी भरून जातो. वर जिल्हाधिकारी कार्यालयासमोरची धरणे आंदोलनंही येतात. "हतनूर", "गिरणा" आणि "विसर्ग" हे शब्द जास्त नेमकं काम करतात. गिरणा धरणाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच्या पाण्यावर जळगाव जिल्ह्याची शेती चालते, पण धरण नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात आहे. जळगाव विभागाचाच फीड जोडला असेल तर त्याची बातमी नाशिकच्या खात्यात पडते आणि तुमच्यापर्यंत येत नाही.

मग लेखनभेद. जळगाव कोणी "जळगांव" असं अनुस्वार देऊन लिहितं. "जळगा" एवढंच टाकलं की दोन्ही पकडले जातात, चाळीसगावचंही तसंच. पण जळगाव जामोद हा बुलढाणा जिल्ह्यातला तालुका आहे, तिथल्या बातम्या नको असतील तर "जामोद" हा शब्द वगळण्याच्या यादीत टाका. नंदुरबार काही जण दीर्घ ऊकाराने "नंदूरबार" लिहितात. इथे शेपूट पकडायला जाऊ नका, "रबार" टाकलं तर प्रत्येक "दरबार" हजर होतो. दोन्ही रूपं पूर्ण लिहा.

सगळ्यात फसवा प्रकार "ऱ्य" चा. "शेतकऱ्यांना" हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसतो, पण संगणकाच्या आत तो दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. अक्षरं साठवण्याच्या युनिकोड या पद्धतीत खाली टिंब असलेला एक वेगळा "ऱ" आहे, त्याला हलन्त देऊन हा अर्धा रफार लिहितात. दुसरी पद्धत म्हणजे साधा "र", हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला फरक कळत नाही, गाळणीला कळतो. तुमच्या कीबोर्डने एक पद्धत वापरली आणि बातमीदाराच्या कीबोर्डने दुसरी, तर शब्द समोर दिसत असूनही गाळणी म्हणते सापडला नाही. म्हणून "शेतकऱ्यां" ऐवजी "शेतक" टाका. त्यात शेतकरीही येतो आणि शेतकऱ्यांचं प्रत्येक रूपही. पाचोऱ्याला मात्र हा तोडगा चालत नाही. "पाचो" टाकलं तर पालापाचोळाही आत येतो. तिथे "पाचोरा" टाका आणि एखाद्या बातमीतून "पाचोऱ्या" ची नक्कल उचलून तीही चिकटवा. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या साइटवरून उचला.

"फक्त पूर्ण शब्द जुळवा" असा पर्याय रीडरमध्ये असेल तर तो मराठीसाठी बंद ठेवा. शब्द कुठे संपतो हे ठरवण्याची यंत्रणा पुष्कळदा रोमन अक्षरांपुरतीच लिहिलेली असते आणि काना-मात्रांपुढे तिचा गोंधळ उडतो.

बातम्या मधूनच गायब होतात

फीडला सगळं साठवून ठेवायचं कोठार समजू नका. वर्डप्रेस मुळात शेवटच्या १० बातम्याच फीडमध्ये ठेवतं. एखाद्या पोर्टलने दिवसात ४० बातम्या टाकल्या आणि तुमच्या रीडरने दिवसातून एकदाच फाइल उतरवली, तर ३० बातम्या तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. त्या मधल्या वेळात आल्या आणि गळूनही गेल्या. गर्दीच्या फीडसाठी तपासण्याचं अंतर अर्ध्या-एक तासावर आणा. दर मिनिटाला मात्र नको, साइट वैतागून तुम्हाला अडवते.

रीडर दोन जातींचे असतात हे इथे कामाला येतं. फीडली, इनोरीडर यांसारख्या सेवा आपल्या संगणकांवर दिवसरात्र फीड तपासत असतात, तुमचा फोन बंद असला तरी. फीडर हे अँड्रॉइडचं मुक्त स्रोत अ‍ॅप किंवा संगणकावरचं थंडरबर्ड तेच काम तुमच्याच फोनवर किंवा संगणकावर करतात. खाजगीपणासाठी मला दुसरी जात आवडते, त्यात खातं काढावं लागत नाही. पण फोन बंद तर तपासणीही बंद. त्यात अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी पाठीमागे चालणारी अ‍ॅप झोपवतात. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपसाठी बॅटरीचे निर्बंध काढले नाहीत, तर तुम्ही अ‍ॅप उघडेपर्यंत काहीच ताजं होत नाही. "उघडल्यावर एकदम सगळं येतं, एरवी काही नाही" असं असेल तर फीडला दोष देऊ नका, हेच कारण आहे.

पहिल्या जातीचीही एक अडचण आहे. काही सेवा कमी वाचक असलेला फीड कमी वेळा तपासतात. दिल्लीच्या मोठ्या दैनिकाचा फीड त्या सतत बघतील, पण अक्कलकुव्याच्या छोट्या पोर्टलचा, ज्याचे त्या सेवेवर मोजकेच वाचक आहेत, कित्येक तासांनी. तालुक्याच्या बातम्यांसाठी म्हणूनच फोनवर स्वतः तपासणारं अ‍ॅप बरं.

धडगाव, मोलगी, तोरणमाळ या सातपुड्याच्या भागात रेंज येते-जाते. तिथल्या वाचकाने अ‍ॅपला पूर्ण लेख आधीच उतरवून ठेवायला सांगावं आणि चित्रं बंद ठेवावीत. अक्कलकुव्याला किंवा शहाद्याला बाजाराला आल्यावर फोनला वाय-फाय मिळालं, तेवढ्यात पुढच्या दिवसांचं वाचन भरून जातं. मजकूर फार थोडी जागा घेतो, डेटा खातात ती चित्रं.

दुपारच्या वेळेची सकाळची बातमी, आणि तीच बातमी दोनदा

सकाळी ९ ला टाकलेली बातमी रीडरमध्ये दुपारी २:३० ची दिसते आणि तोपर्यंत सगळ्यांच्या वर चिकटून बसते. साडेपाच तासांचा फरक दिसला की ओळखावं: साइटने भारतीय वेळ लिहिली आणि त्यापुढे ग्रीनिचची खूण लावली. वेळेपुढे अधिक ०५३० असायला हवं होतं. हाताने बनवलेल्या पोर्टलमध्ये हे नेहमी घडतं. वाचकाच्या हाती फक्त एवढंच आहे की अशा फीडसाठी "मिळाल्याच्या वेळेनुसार लावा" हा पर्याय निवडावा, आणि साइटवाल्याला कळवावं.

एकाच दिवशी जुन्या सगळ्या बातम्या पुन्हा न वाचलेल्या होऊन आल्या, तर साइटने पत्ता बदलला आहे किंवा सुरक्षित पत्त्यावर गेली आहे. प्रत्येक नोंदीला एक कायमची ओळखखूण असते, तिच्यावरून रीडर ठरवतो की ही पाहिलेली आहे. ती खूण बदलली की त्याच्या लेखी बातमी नवी. "सगळ्या वाचल्या" असं एकदा करून पुढे चला.

चूक दाखवणारे आकडे

रीडर एखाद्या फीडपुढे लाल खूण आणि तीन अंकी आकडा दाखवतो. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही, नवा पत्ता शोधा. ४१० म्हणजे मुद्दाम काढून टाकलंय, नाद सोडा. ३०१ म्हणजे कायमचं हललं, बहुतेक रीडर स्वतःच नवा पत्ता घेतात. ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळा विचारताय, अंतर वाढवा. ३०४ ही चूक नाहीच, मागच्या वेळेपासून काही बदललं नाही एवढाच तिचा अर्थ. ५०० आणि त्यापुढचे आकडे साइटच्या बाजूचे, एक दिवस थांबा.

४०३ चं प्रकरण जरा त्रासाचं. तुमच्या ब्राउझरमध्ये फीड नीट उघडतो, रीडरमध्ये मात्र ४०३. साइटसमोर बसवलेल्या सुरक्षा यंत्रणेने रीडरला हल्लेखोर यंत्र समजून अडवलेलं असतं. फोनवर स्वतः तपासणारं अ‍ॅप लावून पाहा, कित्येकदा तिथे तोच फीड चालतो. नाहीच चालला तर साइटच्या चालकाला सांगणं हाच मार्ग उरतो.

बातमीच्या जागी युरोपीय अक्षरांची गिचमिड दिसत असेल तर साइटने यूटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीतला मजकूर दुसऱ्याच सांकेतिक पद्धतीचा म्हणून घोषित केलाय. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा अर्थहीन मजकूर दिसत असेल, तर बातमी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप करून तशीच चढवलेली आहे. छापखान्यातून आलेल्या साप्ताहिकांत हे अजून दिसतं. यावर वाचक काही करू शकत नाही.

पोर्टल चालवणाऱ्यांसाठी चार शब्द

खान्देशात पोर्टल चालवणारे बहुतेक जण स्वतःच बातमीदार, स्वतःच तंत्रज्ञ. त्यांचा फीड मोडतो तो किरकोळ कारणांनी. फाइलच्या पहिल्या ओळीआधी एखादी रिकामी ओळ सुटली तरी पूर्ण फीड अवैध होतो. वर्डप्रेसमध्ये थीम किंवा प्लगइनच्या फाइलमध्ये कोणी हात घातल्यावर हे होतं. हाताने लिहिलेल्या फीडमध्ये "खरेदी & विक्री" असं शीर्षक टाकलं आणि ते चिन्ह योग्य सांकेतिक रूपात लिहिलं नाही, तर त्या एका चिन्हामुळे सगळ्या बातम्या अडतात. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा फीड तपासनीस फुकट आहे. त्यात पत्ता टाकला की कितव्या ओळीत चूक आहे ते तो सांगतो.

साइटची वेळ कोलकाता ठेवा. फीडमधल्या बातम्यांची संख्या १० वरून वाढवा. डोमेन बदललंत तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वळवणी ठेवा, नाहीतर वर्षानुवर्षं जोडलेला वाचक न सांगता तुटतो. आणि तालुक्यांचे विभाग नीट भरा. पारोळ्याची बातमी "इतर" मध्ये टाकली तर पारोळ्याच्या माणसाला ती मिळणार कशी? कॅशिंगचं प्लगइन फीडची जुनी प्रतच देत राहतं का तेही बघा. बातमी साइटवर दिसते पण फीडमध्ये तासन्‌तास येत नाही, तेव्हा दोष बहुधा तिथे असतो.

फीडवर काय सोपवू नये

तापीला पूर आला आणि हतनूरचे दरवाजे उघडले, ही बातमी फीडमधून कळेल म्हणून नदीकाठच्या माणसाने बसून राहू नये. फीड स्वतःहून येत नाही, रीडर विचारायला जातो तेव्हा मिळतो. आधी बातमीदाराने लिहायला लागलेला वेळ, मग दोन तपासण्यांमधला वेळ, मग फोनच्या बॅटरीचे निर्बंध. साइट नवी बातमी लगेच कळवेल अशी वेबसब नावाची पद्धत २०१८ मध्ये प्रमाणित झाली, पण ती साइट आणि रीडर दोघांनीही वापरायला हवी, आणि छोट्या पोर्टलवर ती क्वचितच असते. पुराच्या दिवसांत प्रशासनाचा संदेश, दवंडी आणि तलाठ्याचा फोन यांवरच विसंबा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या "सचेत" वरचे इशारे फोनवर थेट घेता येतात, ते चालू ठेवा.

बाजारभावाचंही थोडं असंच. फीडमधला केळीचा किंवा कापसाचा भाव बातमी लिहिली तेव्हाचा असतो. माल काढण्याआधी बाजार समितीत किंवा व्यापाऱ्याकडे विचारून घ्या.

फीडमधून आली म्हणून बातमी खरी ठरत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरापेक्षा इथे एक मोठी सोय आहे: प्रत्येक नोंदीला मूळ पानाचा दुवा आणि तारीख असते. गटात टाकण्याआधी दुवा उघडा. जुनी बातमी दुरुस्त करून पुन्हा चढवली की काही साइट तिला नवी तारीख देतात. मागच्या पावसाळ्यातला पूर यंदाचा म्हणून फिरतो तो असाच.

यादी स्वतःकडे ठेवा

जोडलेल्या फीडची यादी फक्त अ‍ॅपमध्ये राहू देणं ही शेवटची चूक, आणि ती फोन हरवल्यावर किंवा सेवा बंद पडल्यावर कळते. प्रत्येक चांगल्या रीडरमध्ये यादी बाहेर काढण्याची सोय असते. ओपीएमएल नावाची छोटी फाइल मिळते. २०१३ मध्ये गुगल रीडर बंद झाला तेव्हा ज्यांनी आपली यादी बाहेर काढून घेतली, त्यांनी ती दुसऱ्या रीडरमध्ये घातली आणि वाचन पुढे चालू ठेवलं. ही फाइल स्वतःला ई-मेल करून ठेवा, आणि नवे फीड जोडले की पुन्हा काढा. तिच्यात फीडचे पत्ते आणि फोल्डर येतात. गाळण्या येत नाहीत, तारा लावून जपलेले लेखही येत नाहीत. म्हणून "कापूस, कापसा, धुळे, धुळ्या, शेतक" ही तुमची शब्दांची यादी वेगळ्या टिपणात लिहून ठेवा. नवा रीडर लावला की ती एकेक करून पुन्हा टाकावी लागते.